अण्णांच्या भाषणाचं सर्वेक्षण

सोलापूरच्या टॉवेल निर्यातदार संघाचे अध्यक्ष नरसय्याअण्णा माणूस सोन्यासारखा, पण एकदा भाषणाला उभे राहिले की थांबायचं विसरत.

संघातली सुवर्णा गज्जम दरमहा युरोपातल्या चाळीस दुकानांच्या खरेदी अधिकाऱ्यांना फोन करी आणि विचारी, गेल्या महिन्यापेक्षा काम जास्त, तेवढंच की कमी? त्यावरून तिकडचा बाजार वाढणार की आटणार, याचा ती अंदाज बांधी. त्या कामात तिचा जीव होता.

वार्षिक सभेतलं भाषण दीड तासानंतरही चालूच होतं, तेव्हा मध्येच अण्णा म्हणाले, "पोरी, तुझं हे सर्वेक्षण आजपासून बंद. कुणाला काय वाटतं यावरून धंदा कळतो होय? खरे सरकारी आकडे तीन महिन्यांनी येतात. तोवर थांबायला शीक."

सुवर्णा उठली. "थांबते, अण्णा. एक शेवटचा प्रश्न विचारू?"

"विचार की."

ती सभेकडे वळली. "तासाभरापूर्वीपेक्षा अण्णांच्या भाषणात आता जास्त गोडी वाटतेय, त्यांनी हात वर करा." एकच हात वर आला, अण्णांच्या जावयाचा. "तेवढीच?" तीन हात. "कमी?" सभागृहात हातांचं रान उभं राहिलं.

अण्णांनी घाईघाईने कागद आवरले. "बरं बरं, संपवतो. जेवायला चला."

"असं कसं, अण्णा?" सुवर्णा हळूच म्हणाली. "कितीजण झोपले याचे खरे आकडे तीन महिन्यांनी येतील. तोवर बोला ना!"

सभा खो खो हसली, आणि सगळ्यांत मोठ्यांदा अण्णाच. "सर्वेक्षण चालू राहील," ते माईकवरून म्हणाले. "आणि जावईबापूंना आधी वाढा रे, खोटं बोलून दमलेत."