आठ दिवसांचं मचूळ पाणी

फार पूर्वी खाडीकाठच्या एका गावात एक म्हातारी कोळीण राहत होती. तिचं घर माशांवर चालत होतं. सगळ्या कोळीवाड्याचंच चालत होतं.

तिथली नदी गोड्या पाण्याची आणि समुद्र खारा. दोहोंच्या मध्ये कोसभर पाणी मचूळ होतं. पावसाळ्यात रुपेरी मासे समुद्रातून नदीत चढत आणि अंडी घालत. पाऊस सरला की त्यांची पिल्लं समुद्राकडे निघत, पण थेट जात नसत. मचूळ पाण्यात आठ दिवस थांबत. रोज थोडी पुढे सरकत. त्या दिवसांत तिथे कोणी जाळं टाकत नसे.

गावच्या खोताला भातशेती वाढवायची होती. त्याने त्या मचूळ पाण्यातच बांध घालायचं ठरवलं. अलीकडे सगळं गोडं, पलीकडे सगळं खारं.

चावडीवर तो म्हणाला, "हे मचूळ पाणी ना पिण्याचं, ना शेताचं. फुकट पसरलंय."

कोळीण उठली. "फुकट नाही, खोत. माशांची पोरं तिथंच खारं प्यायला शिकतात."

"माशाला पाणी प्यायला शिकवतेस, म्हातारे?"

लोक हसले. ती हसली नाही.

"शिकावंच लागतं. गोड्यातला मासा पाणी पीत नाही. ते आपसूक त्याच्या अंगात शिरतं. खाऱ्यात अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. मग त्याला खारं पिऊन मीठ कल्ल्यांतून टाकावं लागतं. अंगाला ते जमायला दिवस लागतात."

"बरं, पिल्लांना जायला बांधाला दार ठेवतो. सागवानी! झालं?"

कोळीण घरी गेली. तिने दोन मडक्यांत नदीतली पिल्लं सोडली. एका मडक्यात रोज ओंजळभर समुद्राचं पाणी घातलं, दुसऱ्यात नाही. नवव्या दिवशी दोन्ही मडकी चावडीवर आणली. निव्वळ खाऱ्या पाण्याची दोन घमेली मांडली आणि एकेका मडक्यातली पिल्लं एकेका घमेल्यात सोडली.

दुपारपर्यंत एका घमेल्यातली सगळी उलटी तरंगली. ओंजळ मिळालेली पोहत होती.

"मेली ती दुबळी होती," खोत म्हणाला. "बांध झाला की दर घराला भातशेताचा एक तुकडा देतो. कोणाची हरकत?"

सगळ्यांनी घमेली पाहिली होती. एकानेही तोंड उघडलं नाही. तिचा सख्खा दीर तिचा पदर धरून म्हणाला, "वहिनी, खाली बस. जमीन काय रोज मिळते?"

बांध झाला. पाऊस सरला. पिल्लं आली. खोताने स्वतः दार उघडलं. पिल्लं हजारोंनी पलीकडे गेली आणि दुसऱ्या दिवशी पलीकडच्या पाण्यावर पांढरा थर आला. घारी खाऊन कंटाळल्या.

"मी कुठं अडवलं?" खोत म्हणाला. अडवलं नाही म्हणे! मारलं, ते कोणी बोलायचं?

मोठे मासे दणकट. ते आणखी दोन पावसाळे त्या दारातून कसेबसे चढून आले. दोन्ही वर्षी त्यांची पिल्लं तशीच मेली. चौथ्या पावसाळ्यात एकही मासा आला नाही. होड्या उलथ्या पडल्या. भाताच्या तुकड्यावर कोळीवाड्याचं पोट चार महिनेही भरेना.

तेव्हा गावाला जाग आली. माणसं फावडी घेऊन धावली. पुढे कोण? तोच दीर. बांध फुटला. मचूळ पाणी पुन्हा कोसभर पसरलं. पुढच्या पावसाळ्यात गाव काठावर येऊन बसलं. महिना गेला.

"येतील ना, वहिनी?" दिराने विचारलं.

"कोण येणार? तीन वर्षं पोरं मारलीत. मोठे कुठून होणार?"

ती उठली आणि घरी गेली. काठावर कोणीच मान वर केली नाही.

तात्पर्य एवढंच: नुसतं दार उघडल्याने वाट मिळत नाही, चालायला शिकण्याइतका वेळ द्यावा लागतो. आणि डोळ्यांनी पाहूनही जो गप्प बसतो, तो खोताइतकाच दोषी.