नदीवरचा वेल

एका जंगलात, नदीकाठच्या मोकळ्या माळावर, दर हिवाळ्यात प्राण्यांचे खेळ भरत असत. आधी माळावर धावायचे, मग नदी पोहून जायचे आणि शेवटी पलीकडची टेकडी चढायची. मुलांनो, या खेळांना बक्षीस असे काही नव्हते. तरी सगळे वर्षभर त्यांची वाट पाहत. एक हरिणी मात्र दर वर्षी काठावर बसून नुसती बघत असे. पारध्याच्या फासात सापडल्यापासून तिचा मागचा एक पाय अधू झाला होता.

त्या वर्षी ती खेळांची व्यवस्था पाहणाऱ्या म्हाताऱ्या वानराकडे गेली. "आजोबा, यंदा मलाही उतरायचंय." वानर कळवळून म्हणाला, "बाळ, नदीला ओढ आहे. तुझ्या काळजीपोटीच नाही म्हणतो." हरिणी म्हणाली, "काळजी आहे ना आजोबा? मग मला घरी बसवू नका, पाण्यात कुणाला तरी राखणीला ठेवा." वानराला ते पटले. दुसऱ्या दिवशी त्याने हत्तिणीकडून एक जाडजूड वेल नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत बांधून घेतला आणि पाणमांजरांना पाण्यात राहायला सांगितले. ते पाहून एक दांडगे सांबर फिस्कारले, "वेल धरून पोहायचं? हा काय पोरखेळ!"

खेळ सुरू झाले. सांबर सर्वांच्या पुढे नदीत शिरले. एवढ्यात वरून एक उन्मळलेले झाड वाहत आले आणि त्याच्या फांद्यांत सांबराची शिंगे अडकली. झाडाबरोबर तेही वाहू लागले. हरिणी मागून, वेलाच्या आधाराने, हळूहळू येत होती. ते तिनेच आधी पाहिले. "धावा, सांबरदादा बुडतोय!" ती ओरडली. झाड वेलाला येऊन अडले. वेल ताणला गेला, पण तुटला नाही. "दादा, मान वर ठेव! मी आहे इथे," हरिणी त्याला धीर देत राहिली. पाणमांजरांनी बुड्या मारून फांद्या कुरतडल्या आणि सांबराला काठावर आणले.

त्यानंतर हरिणी टेकडी चढू लागली. थांबत, धापा टाकत ती माथ्यावर पोहोचली, तेव्हा ऊन उतरले होते. पण कुणीही घरी गेले नव्हते. सांबर तर माथ्यावर अगदी पुढेच उभे होते. खाली मान घालून ते म्हणाले, "ताई, फार दमलीस का गं?"

हरिणीचे डोळे भरून आले. ती हसून म्हणाली, "दमले रे दादा! किती वर्षांनी अशी दमले!"

तात्पर्य : काळजीच्या नावाखाली कुणाला खेळाबाहेर बसवू नये, दुबळ्यासाठी केलेली सोय बलवानालाही तारते.