शेंड्यावरची रेंज

झाडाझाडाला रेंज आली, त्या काळातली गोष्ट. सुगरण रोजच्यासारखी घरटं विणत असताना निरोप आला: साळिंदर साळूबाईच्या पिल्लाला ताप आहे आणि दवाखान्यात नंबर लागत नाही. दवाखान्याची वेबसाइट सुगरणीनेच बनवली होती.

"शेंड्यावर तर झटक्यात उघडते!" ती म्हणाली.

"आम्ही बिळात राहतो, ताई. खाली येऊन बघा," साळूबाई फणकारली.

सुगरण बिळात गेली आणि काही न शिकवता नुसती बघत बसली. साळूबाईच्या जुन्या फोनवर आधी मोराचं चित्र रेंगाळत उतरलं. नंबर लावायचं बटण त्याच्या पिसाऱ्याखाली होतं.

"मोर देखणा आहे हो, पण पोर फणफणलंय!"

सुगरणीने तिथेच चित्र काढून टाकलं, बटण वर आणलं. नंबर लागला. सांजेला पिल्लाचा ताप उतरला.

दवाखान्यात नंबर घुबडालाही लावावा लागतो, आणि त्याला जवळचं अंधूक दिसतं. त्याच्याशेजारी बसून बघायचं मात्र सुगरणीचं राहून गेलं.