उताण्या टोपीची हाक

एका राज्यात एक टोपी होती, आणि एके सकाळी तिचा डावा काठ करंगळीभर खाली झुकलेला दिसला.

दिसला तो एकटीलाच. राजकन्या मृगावतीला. तिला सगळंच इतरांच्या आधी दिसे. पातेल्यावरचं झाकण पडायच्या आधी ती दचके, आणि पडल्यावर पुन्हा एकदा दचके. दासी म्हणत, "ताईसाहेब सावलीलाही वाट देतात." पण त्या सकाळी सगळा वाडा टोपीपुढे हात जोडून गेला, आणि काठ झुकल्याचं कळलं ते फक्त तिला.

आता टोपीची एवढी काळजी का, ते ऐका. ते राज्य होतं कुरणांचं. तिथला राजा म्हणजे गुराख्यांचा गुराखी. दिवसभर घोड्यावर बसून उन्हावाऱ्यात गुरं राखायची, तर सोन्याचा मुकुट काय कामाचा? डोकं तापवायला? म्हणून तिथल्या राजाच्या डोक्यावर टोपी असे. लोकर दाबून दाबून केलेल्या जाड नमद्याची, वीतभर रुंद काठाची. काठ दोन्हीकडून वर वळलेला, माथ्यावर पुढच्या बाजूला तीन खळ्या. तिचं नाव हाकारी. हाकारी घालून ज्याला हाक मारावी त्याला ती ऐकू येई. मग तो डोंगरापलीकडे असो, की झोपेपलीकडे.

आणि राजा कुरणपाळ त्या वेळी त्याहूनही पलीकडे गेला होता.

उत्तरेच्या खिंडीत धुकाई नावाची चेटकीण राहत असे. ती माणसं खात नसे, नावं खाई. नाव गेलं की माणूस घर विसरे आणि धुक्यात गोल गोल फिरत राही. राज्यातली सगळी गुरं तिनं एका पहाटे गिळली. राजा त्यांना आणायला निघाला, तेव्हा टोपी काढून त्यानं लेकीच्या हातात दिली.

"दचके," तो म्हणाला. दरबारात ती मृगावती, पण बापाच्या तोंडी दचकी, आणि तिच्या तोंडी तो आबा. "हाक मारणारं माणूस घरात हवं. धुकं खिंडीतून खाली उतरू लागलं, की मला हाक मार. मी ओ देईन."

"आणि ओ आली नाही तर?"

"तर पुन्हा मार. टोपी तेवढी सांभाळ."

कशी सांभाळायची, ते सांगायचं राहिलं. घोडा घाई करत होता.

सांभाळायचं काम प्रधान आदबरावांनी आपल्याकडे घेतलं. आदबराव मोठे रीतीचे गृहस्थ. त्यांनी टोपी सोन्याच्या चौरंगावर सरळ, ऐटीत मांडली. तिला दुधाचा अभिषेक केला, हळदकुंकू वाहिलं, आणि भिजली म्हणून शेगडीपुढे ठेवून कडकडीत वाळवली. इतका मान त्या टोपीला सात पिढ्यांत मिळाला नव्हता.

"प्रधानजी," मृगावती म्हणाली, "काठ झुकलाय."

"राजकन्ये, टोपी नम्र झाली आहे."

दुसऱ्या दिवशी उजवा काठही नम्र झाला. तिसऱ्या दिवशी माथ्यावरच्या खळ्या बुजल्या, आणि त्याच दिवशी खिंडीतून धुकं उतरू लागलं. मृगावतीनं टोपी डोक्यावर घेतली. ती आकसली होती, कानांच्या वरच अडकली. तिनं हाक मारली. हाक पडलेल्या काठावरून घसरली आणि तिच्याच पायाशी पडली. तिथे एक मांजर झोपलं होतं, त्यानं मात्र डोळे उघडले.

ओ आली नाही.

धुकं वेशीशी आलं आणि गावातली नावं जाऊ लागली. सासवा सुनांना "अगं ए" म्हणू लागल्या. त्यात फारसा फरक कुणाला जाणवला नाही. पण दुपारी आदबराव धावत आले. "राजकन्ये, पुन्हा हाक मारा! महाराज... महाराज... अहो, अगदी ओठांवर आहे..."

मृगावतीनं आठवून पाहिलं. बापाचं नाव तिच्याही ओठांवर होतं, आणि तिथून ते हलेना. सगळ्यांच्याच मनातून राजाचं नाव पुसलं गेलं, तर त्याला हाक कोण आणि कशी मारणार? ती परसात पळाली. तिथे गवतात एक टिटवी उताणी पडली होती, पाय वर करून.

"अगंबाई! मेलीस की काय?"

"आभाळ धरलंय," टिटवी म्हणाली. "बोल, पण धक्का लावू नकोस."

"आभाळ पडणार आहे?" मृगावतीचा चेहरा उतरला.

"आजवर पडलेलं नाही. ते कुणामुळे? हं, काय झालं ते सांग."

मृगावतीनं सगळं सांगितलं. टिटवीनं एक डोळा मिटून विचारलं, "ठेवली कशी होती?"

"सरळ."

"सरळ! आपल्याच काठावर उभी! तू राहशील का आपल्या पापण्यांवर उभी? पोरी, कामं तीन आहेत आणि तिन्ही उलटी. उलटा हात, उलटी पट्टी, उलटी टोपी. धुकं उंबरा ओलांडायच्या आत कर. ओलांडलं, की गेलेलं नाव परत येत नाही."

पहिलं काम उलट्या हाताचं. त्याला मऊ केसांचा ब्रश हवा, आणि तबेल्यातल्या बुजऱ्या शिंगराच्या आयाळीहून मऊ केस राज्यात नव्हते. ते शिंगरू कुणाला जवळ येऊ देत नसे. मृगावती आत गेली. शिंगरू तिला पाहून दचकलं, ती शिंगराला पाहून दचकली. मग दोघंही जरा ओशाळली. शिंगरानं मान खाली घातली आणि तिनं आयाळ विंचरून फणीभर केस घेतले.

स्वयंपाकघरात बसून तिनं त्या केसांचा ब्रश बांधला आणि दुधाच्या डागांवर ज्वारीचं पीठ भुरभुरलं. पिठानं तेलकटपणा शोषून घेतला. मग ती ब्रश फिरवू लागली, उजवीकडून डावीकडे.

"उलटी प्रदक्षिणा!" आदबराव ओरडले. "अपशकुन!"

"प्रधानजी, लोकर जिकडे निजते तिकडेच हात फिरवायचा. शकुन करून झाले ना सगळे?"

तिचा हात थरथरत होता. पण नमद्याला तोच मानवला. दाबून घासणारा हात असता, तर लव उपटून आली असती. धूळ उडू लागली, आणि धुळीबरोबर लोकरीत अडकून राहिलेल्या जुन्या हाका सुटल्या. "ये गं कपिले!" म्हणत एक हाक खिडकीबाहेर गेली. "जेवायला चला रेऽ" म्हणत दुसरी गेली, आणि पाटावरचा आचारी "ओ!" म्हणून उठून उभा राहिला. शेवटी राजाच्या लहानपणची एक चिमुकली हाक निघाली.

"ए गोट्या! चिंचा पाडायला येतोस का?"

"ओ! आलो, आलो!" असं म्हणून प्रधान आदबराव दारापर्यंत धावले, आणि तिथे लाजून थांबले.

सगळं स्वयंपाकघर हसलं. मृगावतीही हसली, पण हसता हसता तिच्या मनात काहीतरी लकाकलं. धुक्यानं एवढी नावं खाल्ली, मग हा गोट्या कसा राहिला?

दुसरं काम उलट्या पट्टीचं. टोपीच्या आत कपाळाला टेकणारी कातड्याची पट्टी असते. ती तिनं बाहेर उलटून घेतली, म्हणजे आतली ओल मोकळी होईल. मग चुलीवर तांब्याची झारी चढवली. पाणी उकळलं आणि तोटीतून वाफ निघाली. वाफेला तोंड होतं, त्यामुळे ती बोलली.

"मी वाफाई. धुकाईची धाकटी बहीण. ती रानात राहते, मी चुलीवर. आमचं पटत नाही. ती म्हणते विसर, मी म्हणते मऊ हो. टोपी वीतभर लांब धर. फार जवळ आणलीस तर भिजेल, फार लांब नेलीस तर माझाच दम जाईल."

मृगावतीनं टोपी काठाला धरून वाफेवर फिरवली. कडक नमदा हळूहळू ताज्या भाकरीसारखा नरम झाला.

"आता माप," वाफाई म्हणाली. "आकसलेली टोपी डोक्यावरच सैल होते. डोकं आहे का कुणाचं, राजाएवढं?"

आदबरावांनी घसा खाकरला. पागोटं काढून बाजूला ठेवलं. "लहानपणी आम्ही टोप्या बदलून घालत असू," ते हळूच म्हणाले, आणि चुलीपाशी मांडी घालून बसले. मृगावतीनं टोपी त्यांच्या डोक्यावर बसवली.

तिसरं काम उलट्या टोपीचं, पण आधी आकार द्यायचा. काठ वर वळवायचे, माथ्यावर तीन खळ्या पाडायच्या, आणि नमदा निवेपर्यंत बोटं हलवायची नाहीत. मग टोपी उताणी ठेवायची. पण खळ्या नेमक्या कुठे? मृगावतीनं डोळे मिटले. दर वाढदिवसाला आबा कुठून कोण जाणे, एक गरम टोपी घेऊन यायचे. "बोटं ठेव, दचके," म्हणायचे. तिला तो खेळ वाटे. त्याही आधी, अगदी लहान असताना, ती त्यांच्या खांद्यावर बसून फिरे, आणि घोडा फुरफुरला की घाबरून टोपीचा माथा गच्च पकडे.

सगळं राज्य ज्या खळ्यांना राजचिन्ह म्हणून नमस्कार करत होतं, त्या तिच्या दचकण्याची खूण होत्या. आबांनी ती कधी पुसली नव्हती. उलट दरवर्षी तिच्या बोटांच्या मापानं वाढवत नेली होती.

तिनं बोटं ठेवली. ती बरोबर बसली.

तेवढ्यात धुकाई उंबऱ्याशी आली. तिनं फुंकर मारली. फडताळातला डाव खणकन पडला. मृगावती दचकली. बोटं हलली नाहीत. धुकाईनं दुसरी फुंकर मारली. छपरावरून पाल सुटली आणि थेट आदबरावांच्या मांडीवर पडली.

"प्रधानजी, हलू नका!"

"मी हलत नाही," आदबराव डोळे घट्ट मिटून म्हणाले. "ती हलते आहे."

मग धुकाई राजाच्या आवाजात बोलली. हुबेहूब तोच आवाज. "मृगावती, मी आलो. सोड ती टोपी."

मृगावतीनं चटकन दाराकडे पाहिलं. हात सुटणारच होते. पण तो आवाज म्हणाला होता मृगावती. आबा तिला मृगावती कधी म्हणाले होते? तिला आता गोट्याचं कोडं सुटलं. धुकाईला माहीत होती ती फक्त खाल्लेली नावं, दरबारात पुकारायची, पाट्यांवर लिहायची. घरात हाक मारायचे शब्द तिच्या तोंडी कधी लागलेच नव्हते.

"तुला माझं नाव ठाऊक नाही, बाई," ती म्हणाली. आवाज कापत होता, बोटं स्थिर होती.

नमदा निवला. आदबरावांनी आपलं रेशमी पागोटं स्वतःच्या हातांनी गुंडाळून त्याची चुंबळ केली, आणि टोपी तिच्यात अलगद उताणी ठेवली, माथा खाली, काठ वर. "असू दे उलटी," ते म्हणाले. "आराम पडतोय तिला." आणि खरोखरच, वर वळलेले काठ टोपीनं अंग ताणावं तसे थोडे ताणले गेले आणि जागच्या जागी बसले.

धुकं उंबऱ्यावर चढलं.

मृगावतीनं टोपी उचलली, डोक्यावर घेतली आणि परसदारात उभी राहिली. आयुष्यात तिनं कधी आवाज चढवला नव्हता. पहिली हाक तुळशीपर्यंत गेली. दुसरी वेशीपर्यंत. बापाचं नाव तिला अजूनही आठवत नव्हतं, आणि आता ते नकोच होतं. तिनं छाती भरून श्वास घेतला.

"आबाऽऽऽ!"

हाक उचललेल्या काठांवरून सुटली. लिंबू पिळल्यावर दूध फाटावं, तसं धुकं तिच्या वाटेवर मधोमध फाटलं. धुकाईच्या पोटातून नावं गारांसारखी टपटप गळू लागली. बायका पदरात नावं गोळा करू लागल्या. ज्याचं त्याला, ज्याचं त्याला. एक मोठी गार आदबरावांच्या टकलावर आपटली आणि ते ओरडले, "कुरणपाळ! महाराज कुरणपाळ!" खिंडीकडून घंटांचा नाद आला. आधी एक घंटा, मग कळपभर. पहिली गाय उन्हात आली, तिच्यामागून दुसरी, मग पांढऱ्या तांबड्या गाईंची रांगच लागली. धुकाई चिंध्यांसारखी विरत विरत खिंडीतल्या झऱ्यात पाणी होऊन पडली.

पण ओ आली नव्हती.

गाई येत राहिल्या. घोडा दिसेना. गवतातल्या टिटवीनं आभाळाला लावलेला एक पाय खाली घेतला आणि कान टवकारले. मृगावती टोपीचा काठ दोन्ही हातांनी धरून उभी होती. आबा म्हणाले होते, ओ आली नाही तर पुन्हा मार. तिनं पुन्हा तोंड उघडलं.

आणि खिंडीच्या पार पलीकडून, हसऱ्या, दमलेल्या, तिला पाठ असलेल्या आवाजात उत्तर आलं:

"ओऽऽ, दचके! ओऽऽ!"