तांबटआळीचा फलक

एका शहरात, बाजारपेठेच्या मागच्या बाजूला तांबटआळी होती, आणि त्या तांबटआळीत श्रीपती वडके नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा म्हणजे किती? तर सांगितलेलं काम तो शब्दाप्रमाणे करायचा. शब्दाच्या अलीकडे नाही, पलीकडे नाही.

त्याची धाकटी बहीण मालन. आईवडील गेल्यावर घर तिनेच सांभाळलं, आणि घराबरोबर श्रीपतीलाही. तिच्या लग्नाचं तेवढं अडलं होतं. मुलगी चांगली, स्वयंपाक चांगला, फक्त पाहुण्यांना घर सापडत नव्हतं. बाजारातून सारख्या दिसणाऱ्या तीन आळ्या फुटत होत्या. मागच्या वर्षी पाहुणे तिन्ही आळ्यांत तासभर फिरले, उन्हाने वैतागले आणि परत गेले. त्या दिवशी श्रीपतीला जेवण गेलं नाही. बहिणीवर त्याचा फार जीव होता.

म्हणून करडे मास्तरांनी आळीची सभा घेतली तेव्हा सगळ्यात आधी हात श्रीपतीने वर केला. ठरलं असं, की आळीच्या तोंडाशी खास बनवून घेतलेला मोठा फलक लावायचा. वर तांब्याच्या हंड्याचं चित्र, खाली झोकदार अक्षरांत नाव. घरटी एकशे एक रुपये वर्गणी, घरं एक्केचाळीस. वर्गणी मागायचं काम श्रीपतीकडे आलं, कारण बाकी कोणाला वेळ नव्हता.

मास्तर म्हणाले, प्रत्येक दाराशी जा आणि वर्गणी माग. श्रीपती गेला. पहिल्या दाराशी उभा राहून म्हणाला, "वर्गणी द्या," आणि दुसऱ्या दाराकडे निघाला. अर्ध्या तासात एक्केचाळीस दारं झाली. मागे लोक पैसे हातात घेऊन उंबऱ्यात उभे होते. शेवटी मास्तरांनीच मागून फिरून ते गोळा केले.

मालनने समजावलं, "दादा, नुसतं मागून निघून यायचं नसतं. वस्तू हातात पडेपर्यंत दारात बसायचं. समोरचा काहीही सांगो, उठायचं नाही."

"हे आधी सांगायचं ना," श्रीपती म्हणाला.

आठवड्याने तो फलक आणायला लतीफ पेंटरकडे गेला. लतीफ म्हणाला, रंग ओला आहे, गुरुवारी या. श्रीपती दारात बसला. लतीफने चहा पाजला, हात जोडले, दुकान बंद करतो म्हणाला. श्रीपती उठला नाही. शेवटी लतीफने फलक त्याच्या हवाली केला. श्रीपतीने तो नीट बगलेत धरला आणि छातीशी आवळून घरी आणला. फलक कोरा झाला होता. हंडा श्रीपतीच्या पोटावर आला होता आणि तांबटआळी उलटी होऊन बरगड्यांवर.

रंगाचे पंधराशे रुपये पाण्यात गेले. मालनने सदरा रॉकेलमध्ये भिजत घातला आणि ती म्हणाली, "ओली वस्तू अशी आणतात का? आधी उन्हात ठेवायची. खडखडीत वाळली की मगच उचलायची."

"आता चूक व्हायची नाही," श्रीपती म्हणाला.

मंगळवारी फलकाच्या खांबासाठी खणायच्या खड्ड्याचं भूमिपूजन होतं. खड्डा दीड फुटाचा, पण नगरसेवक येणार होते. त्यांच्यासाठी श्रीपतीने सकाळी लवकर जाऊन झेंडूचा हार आणला. हार बघितला तर ओला. त्याने तो पत्र्यावर टाकला, दुपारपर्यंत दोनदा उलटला आणि पापडासारखा वाजायला लागल्यावर खाली घेतला. मास्तरांनी तो नगरसेवकांच्या गळ्यात घातला. दोरा गळ्यात राहिला. बाकीचा हार त्यांच्या सफारीच्या खिशात आणि चहाच्या कपात गेला.

मालन म्हणाली, "दादा, हार वाळवत नाहीत. अशी वस्तू जपायची असते. पाण्याचा शिपका मारायचा, ओल्या फडक्यात गुंडाळायची आणि सावलीत ठेवायची."

"जपतो," श्रीपती म्हणाला.

दुसऱ्या दिवशी खांबासाठी सिमेंटची गोणी आली. मास्तर म्हणाले, गवंडी शुक्रवारी येईल, तोवर ही नीट जपून ठेव. श्रीपतीने ती जपली. शिपका मारला, दोन ओली गोणपाटं गुंडाळली, माठाशेजारी सावलीत ठेवली. रात्री उठून पुन्हा पाणी मारलं. शुक्रवारी गवंड्याने गोणी फाडायला थापी मारली तर थापी वाकली. ती गोणी अजून वडक्यांच्या दारात आहे. तिच्यावर बसून म्हातारी माणसं वर्तमानपत्र वाचतात.

आता नवा रंग, नवं सिमेंट, वर नगरसेवकांच्या सफारीची धुलाई. मास्तरांनी दुसरी वर्गणी काढली. या वेळी आळी चिडली. दोनदा पैसे मोजायचे तर फलकावर आमचंही नाव हवं, असं एकाने म्हटलं, मग सगळ्यांनीच म्हटलं. मास्तरांनी मान्य केलं आणि यादी श्रीपतीच्या हातात दिली. ते निक्षून म्हणाले, ज्याने पैसे दिले त्याचं नाव फलकावर गेलंच पाहिजे, न देणाऱ्याचं औषधालाही दिसता कामा नये.

इकडे मालनला धास्ती होती. शेवगावचे पाहुणे रविवारी अकराला येणार होते. तिने श्रीपतीला समोर बसवलं.

"दादा, या खेपेला माझं सगळं त्या फलकावर आहे. आता मनाने काही करू नकोस. लिहिलेलं असेल तेच खरं धर."

श्रीपतीने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसं वचन दिलं.

मग तो यादी घेऊन लतीफकडे जाऊन बसला. लतीफने एक्केचाळीस नावं रंगवली. वर हात दोन हात जागा उरली तेव्हा त्याने विचारलं, की इथे आळीचं नाव घालू ना? श्रीपतीने यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

"आळीने पैसे दिलेले नाहीत," तो म्हणाला. लतीफने तिथे हंडाच काढला.

रविवारी सकाळी फलक लागला. मास्तरांनी लाल फडकं ओढलं, टाळ्या झाल्या. एक्केचाळीस घरांनी फलकावर आपापलं नाव शोधलं, सापडलं, बोट लावून मुलांना दाखवलं आणि सगळे समाधानाने घरी गेले. दुसरं काही कोणी वाचलंच नाही. मास्तरांनीही आपलं नाव वाचलं आणि चष्मा खिशात ठेवला. पाहुण्यांना आणायला कोपऱ्यावर श्रीपती थांबला.

मालनने अंजिरी रंगाची साडी नेसली होती. पोहे झाकून ठेवले होते. सव्वाअकराला कोपऱ्यावर जीप थांबल्याचा आवाज आला. साडेअकराला श्रीपती घरी आला. एकटाच आला.

"दादा, पाहुणे कुठे आहेत?"

"आले होते. चांगली माणसं. मुलगाही छान आहे, उंच. परत गेले."

मालन भिंतीला टेकली. "का?"

"त्यांनी विचारलं, मालन वडके इथेच राहते ना? मी फलक वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. श्रीपती वडके आहे, करडे आहेत, सगळे आहेत. तू नाहीस. मग म्हटलं, या नावाचं इथे कोणी नाही."

मालनचे डोळे भरले तसे श्रीपतीचेही भरले. त्याने पोह्यांची बशी तिच्यापुढे सरकवली आणि तो अगदी मायेने म्हणाला,

"रडू नकोस मालू. पुढच्या खेपेला तुझी वर्गणी वेगळी भर. मग सापडशील."