गिरजाच्या घराचा पाया

फार पूर्वी एका राजाने नदीवर बांध घालायला घेतला. त्याच्या पाण्यात एक गाव बुडणार होतं. राजाने गावकऱ्यांना वरच्या अंगाच्या काळ्या रानात जागा दिली आणि दवंडी पिटवली, "ज्याला जो गवंडी पसंत असेल, त्याच्याकडून त्याने घर बांधून घ्यावं. खर्च दरबाराचा."

आठ दिवसांत शहरातून एक मोठा बांधकामवाला आला. त्याने त्या रानात नमुन्याचं एक घर उभं केलं. दुमजली, पुढे नक्षीदार सज्जा. मग त्याने गाव गोळा केलं. "सगळ्यांना हुबेहूब असंच घर, तीन महिन्यांत. आजच्या आज अंगठा देईल त्याच्या दाराला पितळी कड्या फुकट."

पहिला अंगठा पाटलाने दिला. मग रांगच लागली.

त्या रांगेत गिरजा कोष्टीण होती. पदरात दोन मुली, आणि पोटाला जमिनीत खड्डा खणून बसवलेला एक माग. तिची पाळी आली तेव्हा तिने विचारलं, "यात माझा माग कुठं बसेल?"

"माडीवर ठेव की."

"खड्ड्याचा माग माडीवर कसा बसेल? मला एकमजलीच घर पुरे. आणि पाया किती खोल घेणार?"

बांधकामवाला हसला. "पाया कुणाला दिसतो, बाई? तू सज्जा बघ."

"त्या सज्ज्याचं ओझं पायावरच येणार ना?"

मागचे लोक कुरकुरायला लागले. गिरजाने शाई लागलेला अंगठा पदराला पुसला आणि ती रांगेतून बाहेर पडली.

शेजारच्या गावात एक म्हातारा गवंडी होता. गिरजाने त्याला सांगितलं, "आधी तुम्ही बांधलेलं एखादं जुनं घर दाखवा." त्याने तिला वीस वर्षांपूर्वीच्या एका घरी नेलं. घरधनीण म्हणाली, "चुलीचा धूर कोंडतो बघ. पण भिंतीला अजून केसाएवढी चीर नाही."

"धुराडं माझंच चुकलं," गवंडी म्हणाला. "तुझ्या घरी नाही चुकायचं. पण काळी माती उन्हात फाटते, पाण्यानं फुगते. खाली मुरूम लागेपर्यंत खणावं लागेल. वर्ष जाईल."

"जाऊ दे," गिरजा म्हणाली.

पाटलाला हे कळलं तसा तो चिडून आला. "सगळ्या गावाचं एक, आणि तुझंच वेगळं? एकमजली घरानं वस्तीची शोभा जाईल. हट्ट सोडायचा नसेल तर जागा कडेला मिळेल. गावाच्या पंगतीला येऊ नकोस."

"कडेला राहीन," गिरजा म्हणाली. "पाटील, शोभा तुम्ही बघाल. आत माझ्या मुली झोपतील. मला दवंडीनं निवडायला सांगितलंय, ते मी केलं."

तीन महिन्यांत गाव वाजतगाजत नव्या घरांत गेलं. गिरजा मुलींना घेऊन कुडाच्या खोपटात राहिली. रोज सकाळी गवंड्याबरोबर पायाच्या खड्ड्यात उतरून ती मुरूम हातात घेऊन बघायची. येणारेजाणारे हसायचे. वर्षाने तिचं घर झालं. बुटकं, साधं, उंच जोत्याचं.

दुसऱ्या उन्हाळ्यात काळी जमीन फाटली. वस्तीतल्या भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. एका दुपारी पाटलाचा सज्जा अंगणात कोसळला. दैव बलवत्तर, म्हणून खाली कुणी नव्हतं. लोकांनी भिंतीकडेला खणून पाहिलं, तर पाया वीतभर. बांधकामवाल्याचा शहरात पत्ताच लागेना.

सगळे गिरजाच्या घरी आले. जमिनीवर चिरा होत्या, भिंतीवर एकही नव्हती. आत माग चालू होता.

पाटील खाली मान घालून म्हणाला, "चुकलो, गिरजा. दरबारात अर्ज करतो आणि तुझ्या गवंड्याला हुकूम देतो. आता गावात सगळी घरं अशीच होतील, एकमजली, हुबेहूब तुझ्यासारखी."

गिरजाने माग थांबवला. "नाही, पाटील. हे घर मागाचं आहे. लोहाराला भट्टी लागते, गवळ्याला गोठा. गवंडी चांगला आहे, पण त्यालाही प्रत्येकानं आपापले प्रश्न विचारू द्या. आणि यावेळी रांगेत तुम्ही शेवटी उभे राहा."

गवंडी आला त्या दिवशी पाटील रांगेच्या शेवटी उभा होता.

तात्पर्य: राहायचं ज्याला आहे, त्यानेच पायाबद्दल विचारावं, आणि उत्तर पटेपर्यंत सारं गाव मागे लागलं तरी अंगठा देऊ नये.