मोकळा उभा असलेला इंद्रजित

एका गावात एक कॉलेज होते आणि कॉलेजचा एक फुटबॉल संघ होता. संघाचा कप्तान धैर्यशील सासने. पोरगा पायाने चपळ, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर.

गावात दोन तालमी होत्या, एक वरच्या पेठेची, म्हणजे धैर्यशीलची, आणि एक नदीकाठची. कुस्ती कधीच मागे पडली होती, आता तिथे वेड फुटबॉलचे. रविवारी दोन्ही तालमींचा सामना झाला की गाव एकमेकांच्या उरावर बसायचे. आणि सोमवारी त्याच तालमींची पोरे कॉलेजचा एकच शर्ट घालून मैदानात उतरायची. शर्ट एक झाला म्हणून मने एक होतात होय? कपाळ!

त्या वर्षी परुळेकर सर नवे प्रशिक्षक म्हणून आले. मालवणकडचा माणूस, गावात ना नाते ना तालीम. त्यांनी प्रत्येक वरच्या पेठेवाल्याच्या शेजारी एक नदीकाठचा खेळाडू उभा केला. म्हणाले, "शेजारच्याला बॉल द्या. बाकी सगळं तुम्हाला येतंय."

एवढेच काम सांगितले होते, आणि नेमके तेवढेच कुणी करेना. संघ ओळीने सहा सामने हरला.

धैर्यशील भडकला. चहाच्या गाडीवर उभा राहून तो साऱ्यांना सांगू लागला, "ह्या बाहेरच्या माणसानं संघाचं वाटोळं केलं!" मग थेट प्राचार्यांकडे तक्रार घेऊन गेला. प्राचार्य आधीच वैतागलेले. ते म्हणाले, "शेवटचा सामना जिंकून दाखवा. हरलात तर संघच बंद. सर पण नकोत आणि फुटबॉल पण नको."

धैर्यशीलचे कॉलेजचे अजून एक वर्ष बाकी होते आणि फुटबॉल सोडला तर कॉलेजात त्याचे होते तरी काय?

शेवटच्या सामन्यात तो जीव तोडून खेळला. एक-एक अशी बरोबरी होती. दोन मिनिटे उरली असताना बॉल त्याच्या पायाशी आला. समोर दोन बचावपटू खांद्याला खांदा लावून उभे. डावीकडे, गोलच्या तोंडाशी, नदीकाठचा इंद्रजित चौगुले एकटा, मोकळा. हात वर करून ओरडतोय, "दे! दे की!"

धैर्यशीलने त्याच्याकडे पाहिले आणि बॉल स्वतःच मारला. तो बचावपटूच्या पायावर आपटला. समोरच्यांनी तोच उचलला, पळवला आणि गोल केला. सामना संपला.

धैर्यशीलने शर्ट काढून परुळेकर सरांच्या पायाशी फेकला. "तुमच्यामुळं झालं हे!"

वर्षभर शांत राहिलेले सर त्या दिवशी गरजले. "इंद्रजित दिसला नाही तुला?"

"दिसला की! त्याला बॉल देऊन गोल करू द्यायचा, आणि मग मी तालमीत तोंड कसं दाखवायचं?"

हे त्याने साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असे सांगितले. वर छाती काढून!

गोलरक्षक सुजय धैर्यशीलच्याच तालमीचा, त्याच्याच गल्लीतला. त्याची दोन्ही कोपरे सोलवटून रक्ताळली होती. तो हातमोजे काढत पुढे आला. "धैर्या, मग दीड तास मी कुणासाठी मातीत लोळत होतो रं?"

सर काहीतरी बोलतील म्हणून धैर्यशीलने त्यांच्याकडे पाहिले. सर पाठमोरे झाले आणि बॉल गोळा करू लागले.

पुढच्या आठवड्यात कॉलेजने मैदानातले गोलचे खांब उपटले. धैर्यशील कुंपणापाशी उभा राहून बघत होता. राग मावत नव्हता, पण तो काढायचा कुणावर? परुळेकर सर तर केव्हाच गाव सोडून गेले होते.

तात्पर्य: सोबत्याचे नाव होऊ नये म्हणून जो सगळ्यांचे नुकसान करतो, त्याने हरल्यावर दुसऱ्याकडे बोट दाखवू नये.